भिंतीवरचं काळीज

४ जून

दादा,

नमस्कार मागाहून. आधी सांग, पाच मजले चढलास म्हणजे काय?

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या दारात उभ्याउभ्याच वाचत होते. नेहमीचा मजकूर होता: वहिनींचा गुडघा, तुझ्या कानातल्या यंत्राची शिट्टी, शेजाऱ्यांनी नेलेली आणि परत न आलेली शिडी. आणि मध्येच, कोपऱ्यावरून दूध आणलं असं सांगावं तसं, ‘परवा बँकेची लिफ्ट अडकली, मशीन वर गच्चीजवळ, म्हणून चालतच गेलो पाच मजले.’ ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मग आत जाऊन बसले.

तुझा रिपोर्ट मला तोंडपाठ आहे. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद, दुसरी अरुंद, आणि बायपास करायचा तर टाका घालायला धड जागा कुठेच नाही. गोळ्या घ्या, जिना टाळा, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. तूच तेव्हा म्हणाला होतास की जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून लोकांना वर पोचवलं आणि आता आपल्यालाच जिना बंद. मी हसले होते, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले होते. त्या तपासणीचा फोटो मात्र मी कधी मागितला नाही. दिवसभर परक्यांची हृदयं बघते, पण भावाचं बघायची हिंमत झाली नाही.

तेव्हा थापा नकोत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून विचारायचं नाही. लिहून कळव. चढताना छातीत कळ आली का? घाम सुटला का? बरोबर कोण होतं? आणि असा आगाऊपणा करायला तुला सांगितलं कुणी?

तुझी,
ठमी

११ जून

ठमे,

आशीर्वाद आहेतच, तू ओरडलीस तरी ते परत घेता येत नाहीत.

कळ आली नाही. घाम सुटला, पण बँकेच्या मॅनेजरलाही सुटला होता, कारण लिफ्टमध्ये त्याची सासू अडकली होती. तिसऱ्या मजल्यावर मी सवयीने थांबलो, आता कळ येईल म्हणून वाट बघितली. ती आलीच नाही. ठरलेला पाहुणा आला नाही की चुकल्यासारखं होतं, तसं झालं. मग म्हटलं, कुणासाठी थांबायचं? गेलो वर. मशीनरूमच्या दारात पोचलो तेव्हा खरं सांगतो, मलाच धक्का बसला. दोन वर्षांनी त्या ग्रीसचा वास आला. मॅनेजर खालून ओरडत होता आणि मी दाराला टेकून बसलो होतो.

सांगितलं कुणी म्हणतेस, तर इथे एक नवे डॉक्टर भेटलेत. त्यांनी थोडं औषध बदललं आणि चालायला लावलं. छाती जड होईपर्यंत चालायचं, थांबायचं, मोकळं वाटलं की पुन्हा चालायचं. रोज. मी चालतो, जिनेही चढतो, आधी एक मजला, मग दोन. तुझ्या वहिनीला वाटतं मी कुठेतरी पत्ते कुटायला जातो. तिला तसंच वाटू दे, चौकशी कमी होते.

माझं पुरे. तुझ्या अभ्यासाचं काय? गेल्या साली लिहिलं होतंस की औषध टोचून घ्यायला माणसंच मिळत नाहीत, असंच चाललं तर काम गुंडाळावं लागेल. ते वाचून इथे आम्हा दोघांना जेवण गेलं नव्हतं. आता मिळाली का माणसं? आणि एक अडाणी प्रश्न विचारतो, हसू नकोस. ते औषध हृदयात टोचलं की हृदयातच राहतं, की गावभर हिंडतं?

तुझा,
दादा

२० जून

दादा,

प्रश्न अजिबात अडाणी नाही. आमच्या प्रमुखांनी पहिल्याच बैठकीत तोच विचारला होता.

माणसं मिळाली. वेगवेगळ्या शहरांतल्या इस्पितळांनी हात दिला. तुझ्यासारखेच सगळे, ज्यांचा बायपास होत नाही असे. मांडीच्या सांध्यातून बारीक नळी घालून आम्ही हृदयाच्या भुकेल्या भागात औषध टोचतो. त्याने नव्या, केसासारख्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, मोठा रस्ता बंद असला तरी बोळाबोळांतून रक्त पोचावं, हे माझं वीस वर्षांचं वेड. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, असा नियम आहे. कुणाला काय मिळालं ते त्यांनाही ठाऊक नसतं, टोचणाऱ्यालाही नाही आणि मलाही नाही. ती यादी एका समितीच्या कुलुपात. माझ्याकडे फक्त नंबर येतात आणि नंबराखाली हृदयाचे फोटो. कुणाचं हृदय, कुठल्या शहरातलं, काही कळत नाही.

पण त्यात एक नंबर आहे. एक्केचाळीस. आधीच्या फोटोत नुसता माळ, आणि सहा महिन्यांनंतरच्या फोटोत त्याच जागी बारीक रेषांचं जाळं, कुंडी फोडल्यावर मुळ्या दिसतात तसं. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला कप टेबलावर ठेवायचा तो हवेतच ठेवला. एवढं मी उंदरांतही कधी पाहिलं नव्हतं. तो फोटो मोठा करून टेबलासमोर भिंतीवर लावलाय. आम्ही त्यांना एक्केचाळीसराव म्हणतो. सकाळी आले की आधी एक्केचाळीसरावांचं दर्शन, मग काम. ह्या माणसाला औषधच मिळालंय ह्यात मला तिळमात्र शंका नाही. समितीला यंदा काम पुढे चालू ठेवायचं कारण हवं होतं, ते मी ह्याच फोटोच्या जोरावर दिलं.

आता तुझा प्रश्न. नाही, ते हृदयातच राहील अशी हमी देता येत नाही. थोडं रक्तात उतरतं. म्हणून ज्याला पूर्वी कधीही, कुठेही कॅन्सरची गाठ झाली असेल त्याला आम्ही अजिबात घेत नाही. गाठीलाही वाढायला रक्त लागतं. शरीरात कुठे तिचा कण उरला असला तर हे औषध त्यालाही रस्ते बांधून देईल. माझी झोप उडवणारी गोष्ट हीच एक आहे. पण प्रत्येकाला डॉक्टर समोर बसवून हा प्रश्न विचारतात, आणि जिवाशी खेळ असताना खोटं कोण बोलेल?

त्या नव्या डॉक्टरांनी कुठलं औषध दिलंय त्याचं नाव कळव. टाळाटाळ चालणार नाही.

तुझी,
ठमी

१८ जुलै

ठमे,

ह्यांच्याऐवजी माझं अक्षर बघून दचकली असशील. हे ठीक आहेत. म्हणजे चालते-बोलते आहेत. पण बसून वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हे खिडकीत बसून वाचत होते. वाचता वाचता एकदम हसले, मांडीवर थाप मारली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले थांब, पूर्ण वाचू दे. मग पान उलटलं. चहा पुढे ठेवला तो गार झाला. शेवटी मीच पत्र ओढून घेतलं, आणि गाठीचं वाचलं.

पाच वर्षांपूर्वी ह्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं ते अपेंडिक्सचं नव्हतं गं. आतड्यात गाठ होती. कॅन्सरची. तू तेव्हा कामासाठी परदेशात होतीस, तुझ्या औषधाची पहिली चाचणी तोंडावर होती. ह्यांनी मला शपथ घातली की ठमीला कळता कामा नये, ती सगळं टाकून येईल. गाठ निघाली, डॉक्टर म्हणाले सुटलात, आणि मग सांगायची वेळच कधी आली नाही.

आणि ते नवे डॉक्टर म्हणजे तुझ्याच अभ्यासाचे. तुझं ‘माणसं मिळत नाहीत’ हे पत्र आलं त्यानंतर हे गुपचूप त्या इस्पितळात गेले आणि नाव घालून आले. मला सांगितलं, बाहेरगावी लिफ्टचं काम आहे. ज्या बाईचं हे संशोधन तिचे हे भाऊ, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी गाठीचं विचारलं तेव्हा ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. का, असं मी विचारलं तर म्हणतात, कापून फेकली ती गाठ माझी कुठे राहिली?

पत्र वाचल्यावर मी ह्यांना हाताला धरून पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. यकृतावर एक डाग दिसतोय. जुन्याच गाठीचा आहे म्हणतात.

तुझ्या औषधाने वाढला का, हे मला कुणी सांगत नाही. तू सांग. मला आता काही सुचत नाही.

वहिनी

२१ जुलै

दादा,

तू माझा भाऊ आहेस की वैरी?

वहिनींचं पत्र वाचून माझ्या पायाखालची जमीन सरकली हे म्हणायची पद्धत आहे. माझी खरंच सरकली. मी टेबलाची कड धरली तेव्हा सहकारी धावत आला, त्याला वाटलं मला चक्कर आली. त्याला काय सांगू? की जे औषध मी वीस वर्षं खपून तयार केलं, ते माझ्या भावाच्या पोटातला कॅन्सर पोसत असेल?

तो प्रश्न मी घातला होता, दादा. ‘पूर्वी कधी गाठ झाली होती का.’ त्याची शब्दरचना माझी आहे. आठवडाभर मी त्यावर भांडले होते, लोकांना नीट कळावं म्हणून. सगळ्या जगाला तो कळला. तुला कळला नाही? कळला, आणि तू मान हलवून मोकळा झालास. माझ्या भल्यासाठी. तुझ्या ह्या चांगुलपणापुढे डोकं आपटावं की हात जोडावेत, काही समजत नाही.

आणि अपेंडिक्स. पाच वर्षं मी तुला चिडवतेय की एवढ्याशा अपेंडिक्सचं केवढं कौतुक करून घेतलंस. तू हसत होतास.

मी आजच समितीला कळवतेय. ह्या कामात माझा सख्खा भाऊ आहे हे सांगणं भाग आहे, आणि तुला औषध मिळालं की पाणी हे तुझ्या डॉक्टरांना ताबडतोब कळलं पाहिजे, त्यावर पुढचे उपचार ठरतील. यादी उघडायचा अधिकार मला नाही. मी फक्त दार ठोठावू शकते.

ठमी

२७ जुलै

ठमे,

शिव्या पोचल्या. आणखी असतील तर त्याही पाठव, मी रिकामाच आहे.

चुकलो. लपवाछपवी नको होती, तेवढं पदरात घे. पण मी का गेलो ते ऐक. आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. तुझी वेणी मी घालायचो, वाकडी, आणि शाळेत मुली हसायच्या, तरी तू ती कधी सोडली नाहीस. पुढे तू एवढी शिकलीस की तुझ्या कामातलं मला ओ की ठो कळेना. मदत करायची तर कशात करणार? आणि मग तुझं पत्र आलं की असं हृदय असलेली माणसंच मिळत नाहीत. म्हटलं, हे तर आपल्याकडे आहे. ठमीला हवं आणि आपल्याकडे आहे, असं पहिल्यांदाच झालं होतं. मी बस पकडली.

आता समितीचं. पत्र गेलं असेल तर मागे घे. डाग असो नाहीतर काही असो, डॉक्टर बघतील. पण मी तुझ्या अभ्यासात होतो हे बाहेर फुटलं की मला त्यातून काढून टाकतील, असं त्या अभ्यासाच्या डॉक्टरांकडून कळलं. तसं होता कामा नये. माझा हट्ट आहे असं समज. कारण तुला ठाऊक नाही अशी एक गोष्ट आहे, आणि तुझ्या जूनच्या पत्रात ती वाचून मी इतका हसलो की तुझी वहिनी घाबरली. पान उलटेपर्यंत मी जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो.

आम्हाला तिथे एक कार्ड देतात, नंबर लिहिलेलं. प्रत्येक खेपेला दाखवायचं.

मी एक्केचाळीस आहे, ठमे.

तुझं औषध चाललं. जिवंत पुरावा पाच मजले चढून आला. आता तू दार ठोठावून तोच पुरावा फेकून देऊ नकोस. हात जोडतो.

दादा

३ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र मी त्या भिंतीखाली बसून वाचलं.

शेवटची ओळ वाचली आणि मान वर करायची माझी छाती होईना. वर तू होतास. इतके महिने माझ्या डोळ्यांसमोर तूच होतास. ज्या काळजाचा फोटो मी भीतीने कधी मागितला नाही, ते मोठं करून, टाचण्या मारून मी समोर लावलं होतं. त्याच्याकडे बघत चहा प्यायले, पाहुण्यांना दाखवलं, त्याच्यावर भाषणं दिली. मला ते ओळखू आलं नाही. काळीज बघून माणूस ओळखता येत नाही हे मला कळायला हवं होतं, तरी मनाला हेच लागून राहिलंय.

पत्र मागे घेतलं नाही. घेणारही नव्हते. काल समितीच्या अध्यक्षबाई स्वतः आल्या. दार लावून घेतलं. म्हणाल्या, तुमच्या भावाच्या डॉक्टरांना कळवलं आहे, आणि तुम्ही आता ह्या कामातून दूर होणार असल्यामुळे तुम्हालाही सांगायला हरकत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तुला खरं सांगते, त्या क्षणी मी एकच मागत होते, आणि ते माझ्या वीस वर्षांच्या कामाच्या उलट होतं.

“पाणी,” त्या म्हणाल्या. “नुसतं मिठाचं पाणी.”

मी दोन्ही हातांनी तोंड झाकून ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, काम बुडालं म्हणून. त्यांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, बाकीचे निकाल अजून यायचे आहेत, एका फोटोने काही ठरत नाही. मला त्यांना सांगताच येईना की मी सुटले म्हणून रडतेय. तो डाग माझ्या औषधाने पोसलेला नाही, दादा. आयुष्यात पहिल्यांदा माझं औषध कुणाला मिळालं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले.

मग त्या गेल्या, आणि मी वर बघितलं, आणि पुन्हा हादरले. हे जाळं मग आलं कुठून? औषधाने नाही. तुला औषध दिलंच नव्हतं. तू औषध मिळालं असं मानून जिने चढलास, छाती जड होईपर्यंत चाललास, रोज. मोठा रस्ता हळूहळू बंद होत गेला आणि तुझ्या काळजाने हाकेसरशी बोळ खोदले. असं काहींच्या बाबतीत आपोआप होतं, हे मला ठाऊक होतं. त्याचीच नक्कल करायला तर मी जन्म घालवला. पण इतकं होतं? आणि तेच खरं समोर टांगलेलं असताना मी त्याला माझी कमाई म्हणत राहिले.

उद्या सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे की हा फोटो पाण्याचा आहे. काम बुडालं तर बुडू दे. तू तुझ्या उपचारांचं बघ.

ठमी

१२ ऑगस्ट

ठमे,

तुझ्या पत्राने एक संकट टळलं आणि दुसरं आलं.

पोटाचे डॉक्टर म्हणतात डाग एकच आहे, कापून काढता येईल. पण भूल देणारे डॉक्टर ह्यांच्या हृदयाला घाबरतात. त्यांनी तपासणी केली, म्हणाले कागदावर बरं दिसतंय, पण माझ्यासमोर इस्पितळाचा जिना चढून दाखवा. तीन मजले. मी निश्चिंत होते. ह्यांना तीन मजले म्हणजे काय.

हे पहिल्या पायरीपाशी गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले. डॉक्टर म्हणाले चढा. हे चार पायऱ्या चढले आणि छाती धरून खाली बसले. घामाने शर्ट भिजला. कळ आली होती, खरीच, तोंड पांढरंफटक. घरी आल्यावर मला म्हणाले, “औषध नव्हतं तर मी वर गेलो कशाच्या जोरावर?” त्यानंतर घरातला उंबरासुद्धा हळू ओलांडतात. पंधरा दिवसांपूर्वीचा माणूस हा नव्हे. खरं सांगायला नको होतं का गं? पण तुला तरी कसं म्हणू.

डॉक्टरांनी पुन्हा एक संधी दिली आहे. चढले नाहीत तर ऑपरेशन नाही.

वहिनी

१५ ऑगस्ट

दादा,

ह्या पाकिटात भिंतीवरचा फोटो आहे. घडी पडली असेल, हाताने सरळ कर.

डावीकडे वर जाडसर दिसते ती तुझी मोठी रक्तवाहिनी, मध्येच तुटल्यासारखी. ती बंदच आहे. आता तिच्या खाली बोट ठेव. ते सगळं बारीक जाळं मोज म्हटलं तर मोजता येणार नाही. ते मी घातलेलं नाही. ते इंजेक्शनमधून आलेलं नाही. पाण्याने ते फुटत नाही आणि खरं कळलं म्हणून ते आटतही नाही. तू पत्र वाचलंस त्याच्या आदल्या दिवशी ते होतं आणि दुसऱ्या दिवशीही होतं. घाबरलं तुझं डोकं. नळ्या घाबरत नाहीत.

मी बैठकीत सांगून टाकलं. काम आता दुसरे लोक बघतील, निकाल काय लागायचा तो लागेल. मला घरी चल म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, तेव्हा भिंतीवरून तुला काढलं आणि पिशवीत घालून घरी आणलं.

कशाच्या जोरावर वर गेलास ते तुझ्या हातात आहे. बघ आणि चढ. मी आठवड्याभरात गाडीने येतेय. मला जिन्याच्या वरच्या टोकाला भेट.

ठमी

९ सप्टेंबर

ठमे,

हात अजून थरथरतो, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तू गेल्यापासून घर सुनं वाटतंय, आणि तुझ्या वहिनीने मला पातळ-पातळ खायला घालून जेरीस आणलंय. डॉक्टर काल म्हणाले, डाग समूळ गेला असं दिसतंय, तपासण्या मात्र करत राहायच्या. भूल देणारे डॉक्टर मुद्दाम वॉर्डात आले होते. म्हणाले, इतका वेळ टेबलावर होतात, हृदय एकदासुद्धा अडखळलं नाही. मी म्हटलं, सवय आहे त्याला, वर जायची.

त्या दिवशी जिन्यावर काय झालं ते तुला सांगायचं राहून गेलं. तू वर उभी होतीस, तुला फक्त मी येताना दिसलो. खाली मी बराच वेळ उभा होतो. फोटो शर्टाच्या आत छातीशी धरला होता, घामाने ओला झाला. शेजारी लिफ्टचं दार उघडं होतं, आत दिवा चालू, बटण दाबलं की वर. जन्मभर मी लोकांना तेच विकलं. पहिल्या मजल्यावर कळ आली. मी थांबलो, डॉक्टर म्हणाले पुरे का? तू लिहिलं होतंस तिथे, त्या जाळ्यावर, शर्टावरूनच बोट ठेवलं. थोडं मोकळं वाटलं. चढलो. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबलो. पुन्हा चढलो. मग तू दिसलीस, एवढी मोठी शास्त्रज्ञ बाई, तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी.

फोटो परत पाठवतोय. तो माझ्याकडे ठेवून काय करू, माझ्याकडे अस्सल आहे. भिंतीवर होता तिथेच लाव. फक्त खाली तुझ्या अक्षरात मोठं लिही, कुणालाही लांबून वाचता येईल असं, की ह्या माणसाला औषध दिलं नव्हतं. मग तो बघत बघत नव्याने कामाला लाग. ते कसं झालं ते आता तू शोधून काढ, कारण मला तर काहीच माहीत नाही. मी फक्त चढलो.

तुझा,
एक्केचाळीसराव